एक मराठी शब्द, चार इंग्रजी: अभ्यासिकेच्या कार्डांच्या नोंदी

१ जून २०२५

सुरुवात करतोय म्हणून थोडं सविस्तर. ताईची सिन्नरला अभ्यासिका आहे, खाली किराणा दुकान आणि वर दोन खोल्या, चाळीस खुर्च्या, एक कूलर. पोरं पोलीस भरती, बँक, एमपीएससी असं सगळं करतात. गेल्या रविवारी तिने मला मॉक इंटरव्ह्यू घ्यायला बोलावलं होतं कारण मी नाशिकला भाषांतराची कामं करतो आणि तिच्या मते मला इंग्रजी येतं. पहिलाच मुलगा, घरी कोण कोण असतं विचारल्यावर म्हणाला, 'आय हॅव वन लार्ज ब्रदर.' मला हसू आलं पण त्याची चूक काय ते मला सांगताच येईना. त्याच्या गाईडमध्ये 'बिग' समोर 'लार्ज, ह्यूज, ग्रेट' अशी यादी आहे आणि त्याने ती यादी खरी मानली, यात त्याचा काय दोष.

तर ठरलं असं, की ५० कार्डं करायची. पुढच्या बाजूला जवळजवळ सारख्या अर्थाचे दोन-तीन इंग्रजी शब्द, मागे फरक. भिंतीवर दोरी बांधून चिमट्याने लावायची, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. खर्च ताईचा, डोकं माझं. एक्सेल शीट उघडली, कॉलम चार: शब्द एक, शब्द दोन, फरक, उदाहरण. आज ३१ जोड्या लिहून काढल्या, त्यातल्या निम्म्या त्या मुलांच्याच चुकांमधून आल्या.

७ जून २०२५

१४ कार्डं लिहून झाली. पद्धत सोपी ठेवली, डिक्शनरीतला अर्थ मराठीत. 'शेड म्हणजे ऊन अडल्यामुळे झालेली सावलीची जागा, शॅडो म्हणजे वस्तूची पडलेली आकृती.' 'हाय म्हणजे जमिनीपासून खूप वर असलेलं, टॉल म्हणजे उंचीने जास्त असलेलं.' वाचायला बरं वाटतं. दुसऱ्यांदा वाचलं की 'हाय' आणि 'टॉल' मध्ये नक्की काय फरक सांगितला ते मलाच कळत नाही, पण असो, पुढे जाऊ.

सहज म्हणून रॉजेटबद्दल वाचत बसलो आणि दीड तास गेला. थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, म्हटलं की ज्याचं नाव येतं तो हा माणूस, पेशाने डॉक्टर. १८०५ च्या सुमाराला स्वतःपुरती शब्दांची वही करायला घेतली आणि छापली १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. गंमत म्हणजे त्याने शब्द कल्पनेप्रमाणे गटात लावले, अर्थ दिलेच नाहीत. ज्याला भाषा येते त्याला विसरलेला शब्द आठवून द्यायचा, एवढंच त्या वहीचं काम. आपल्या गाईडवाल्यांनी त्यातून बरोबरीची चिन्हं काढली आणि ज्यांना भाषा यायचीये त्यांच्या हातात दिली.

१५ जून २०२५

छोटी टेस्ट घेतली. २२ जण होते. १४ कार्डं आठवडाभर भिंतीवर होती, सगळ्यांना पाठ. 'शेड आणि शॅडोत काय फरक' विचारलं तर धडाधड उत्तर. मग म्हटलं आता वाक्य करा: आम्ही वडाच्या सावलीत बसलो. १५ जणांनी 'शॅडो' लिहिलं.

थोडा वैतागलो. ताई म्हणाली, 'अरे त्यांना व्याख्या पाठ करायची सवय आहे, तू व्याख्या दिलीस, त्यांनी केली पाठ, आता तुझं काय म्हणणं आहे?' म्हणणं काहीच नाही. ती बरोबर आहे.

१६ जून २०२५

आज कामाची गोष्ट सापडली आणि तीही ताईच्या स्वयंपाकघरात.

ताईच्या नणंदेचा मुलगा आलाय, वय सात, बंगळुरूला इंग्रजी शाळेत, मराठी बोलतो पण घरातल्यापुरतं. तो आतून ओरडत आला, 'मामी, माझी पेन्सिल फुटली!' सगळे हसले. ताई म्हणाली, 'फुटली नाही रे, तुटली म्हण.' तो गेला, पाच मिनिटांनी परत आला, 'मामी, कप तुटला.' आता कप खरंच गेला होता त्यामुळे ताई हसली नाही, पण मी विचारलं की त्याला नियम सांग ना, फुटणं कुठे आणि तुटणं कुठे. ताईने तोंड उघडलं आणि बंद केलं. मग आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून अर्धा तास हेच करत बसलो. काच फुटते, मडकं फुटतं, नारळ फुटतो, फुगा फुटतो. दोरी तुटते, चप्पल तुटते, माळ तुटते, नातं तुटतं. खुर्ची मोडते, पाय मोडतो, झोप मोडते, शब्द मोडतो, लग्न मोडतं. कपडा फाटतो. घाम फुटतो, रडू फुटतं, ते का फुटतं कुणास ठाऊक. आणि पेपर फुटतो, हे मी बोललो आणि बाहेर बसलेल्या पोरांपैकी एक जण खिन्नपणे हसला, त्याचं एक वर्ष त्यात गेलंय.

इंग्रजीत यातल्या बऱ्याच जागी एकच शब्द चालतो, 'ब्रेक'. आणि आपल्याला यातलं काहीही कुणी शिकवलेलं नाही. व्याख्या नाही, फरक नाही, काही नाही. काच म्हटलं की फुटणं जिभेवर येतंच, कारण आपण ते दोन शब्द शेजारीशेजारी हजारदा ऐकलेत.

तसंच 'वेअर'. साडी नेसतात, शर्ट घालतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, चष्मा लावतात. कुणी 'साडी घातली' म्हणालं की आजी लगेच वर बघते.

म्हणजे ज्या पोरांना एक 'ब्रेक' चार मराठी क्रियापदांत बिनचूक वाटून देता येतो त्यांना मी 'हाय'ची व्याख्या पाठ करायला लावत होतो. १४ कार्डं फेकायची. फेकायची म्हणजे मागची बाजू कोरी आहे, रफ कामाला होतील.

२१ जून २०२५

नवीन पद्धत. कार्डाच्या वर इंग्रजी जोडी नाही, एक मराठी शब्द. खाली त्याचे इंग्रजीत होणारे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यापुढे त्याच्याबरोबर बसणारे तीन-चार शब्द. व्याख्या अजिबात नाही.

शेजारी शब्द कुठून आणायचे? स्वतःच्या कानावर भरवसा ठेवला तर माझंही इंग्रजी शेवटी नाशिकचंच. म्हणून कॉर्पस वापरतोय, म्हणजे लोकांनी खरंच लिहिलेल्या-बोललेल्या मजकुराचा साठा, ज्यात शब्द शोधता येतो. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस साधारण १० कोटी शब्दांचा, त्यातला ९० टक्के मजकूर लिखित आणि १० टक्के बोललेला, नव्वदच्या दशकात जमवलेला. अमेरिकन इंग्रजीचा कोका १९९० ते २०१९ चा, १०० कोटींच्या वर. दोन्ही ऑनलाइन फुकट बघता येतात, फक्त फुकटात दिवसाला ठरावीकच सर्च मिळतात, म्हणून आदल्या रात्री यादी करून ठेवतो. 'रेन'च्या आधी काय येतं ते विचारलं की 'हेवी'च 'हेवी' दिसतं. आपली पोरं 'स्ट्रॉंग रेन' म्हणतात, जोराचा पाऊस म्हणून, आणि अर्थाने त्यात काही चूक नाहीये, फक्त तसं कुणी म्हणत नाही.

ही कल्पना अर्थात माझी नाही. फर्थ नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये लिहिलं होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. हा माणूस लंडनला जायच्या आधी १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता. आपल्याकडे हे बैलांवरून सांगून झालंय, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. कार्डांच्या गठ्ठ्याला नाव तेच दिलं, ढवळ्या-पवळ्या. ताईला आवडलं नाही, ती म्हणते अभ्यासिका आहे, गोठा नाही. नाव राहतंय.

आजचं पहिलं कार्ड, कडक. हे करताना मजा आली म्हणून पूर्ण उतरवतो.

कडक चहा, 'स्ट्रॉंग'. कडक मास्तर, 'स्ट्रिक्ट'. कडक कायदा, 'स्ट्रिक्ट' किंवा 'स्ट्रिंजंट', पेपरात दुसरा जास्त. कडक बंदोबस्त, 'टाइट सिक्युरिटी'. कडक लाडू, 'हार्ड'. कडक कॉलर, 'स्टिफ'. कडक नोट, एटीएममधून नुकती आलेली, 'क्रिस्प'. कडाक्याची थंडी, 'बिटर'. कडक इशारा, 'स्टर्न वॉर्निंग'. आणि मित्राचा नवीन शर्ट बघून नुसतं 'कडक!' म्हणतो त्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते पोरांनीच ठरवावं.

आता यांतले 'हार्ड', 'स्टिफ', 'स्ट्रिक्ट', 'स्टर्न' हे गाईडमध्ये एकाच ओळीत येतात. पण पोरांना एकदा चहा, मास्तर, लाडू, कॉलर दिल्यावर व्याख्या विचारायची गरजच पडली नाही. एकाने विचारलं, मास्तर 'स्टर्न' पण असतो ना? असतो. 'स्ट्रिक्ट' नियमाने वागायला लावतो, 'स्टर्न' चेहऱ्यानेच घाबरवतो. हे सांगितल्यावर दोघांनी एकदम आपल्या जुन्या मुख्याध्यापकांचं नाव घेतलं.

'स्ट्रॉंग'वरून आठवलं, हॅलिडे नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६६ च्या लेखात हेच उदाहरण घेतलं होतं. मुद्दा 'स्ट्रॉंग' पण असतो आणि 'पॉवरफुल' पण, पण चहा 'स्ट्रॉंग'च आणि गाडी 'पॉवरफुल'च. चहावरून भाषाशास्त्र सांगणारा माणूस मला आपला वाटतो.

२६ जून २०२५

आज एक वेगळीच भानगड लक्षात आली. काही जोड्यांत मराठी अजिबात कमी पडत नाही, आपणच चुकीच्या मराठी शब्दाला लटकलेलो असतो.

'सी' आणि 'लुक'. शाळेत दोन्हींना 'पाहणे' शिकवलं, मग सगळा घोळ. पण मराठीत मला दिसलं आणि मी बघितलं हे किती स्वच्छ वेगळं आहे! दिसण्यात मी काही करत नाही, डोळ्यासमोर आलं आणि दिसलं, म्हणून 'मला'. बघण्यात मी मान वळवतो, म्हणून 'मी'. मला दिसलं ते 'सॉ', मी बघितलं ते 'लुक्ड', आणि मॅच, पिक्चर, हलतंय त्याच्याकडे बराच वेळ बघणं ते 'वॉच'. ऐकण्याचं पण तसंच, मला ऐकू आलं ते 'हर्ड', मी ऐकलं ते 'लिसन्ड'. पूर्णपणे जुळत नाही, म्हणजे डॉक्टरला दाखवायला जातो तेव्हा 'सी अ डॉक्टर' म्हणतात आणि त्यात डॉक्टर नुसता दिसून भागत नाही, पण दहापैकी आठ वेळा काम होतं.

'से' आणि 'टेल' तर अजून सोपं. म्हणाला ते 'सेड', मला सांगितलं ते 'टोल्ड मी'. सांगणं आलं की कुणाला हे आलंच. गोष्ट सांगणं, खरं सांगणं, 'टेल' तिथेही जुळतं. फक्त खोटं आपण बोलतो आणि ते 'टेल' करतात. 'ही सेड मी दॅट' ही चूक या अभ्यासिकेत इतकी होते की हे कार्ड दोनदा छापायचं, एक दारावर.

'मिस' आणि 'लूज'. बस चुकली, पाकीट हरवलं. एवढंच कार्ड. 'आय लॉस्ट माय बस' म्हणणाऱ्या मुलीला म्हटलं, बस हरवली असेल तर एसटीवाले शोधतायत. ती हसली आणि नंतर तिने स्वतःच म्हटलं, सर मग आठवण येते ते पण 'मिस' ना, म्हणजे माणूस चुकला? मला हे इतकं आवडलं की मी काही बोललोच नाही.

शीटवर नवीन कॉलम टाकला, 'मराठीत आधीच आहे का'. आतापर्यंत २३ पैकी ९ ला हो.

२ जुलै २०२५

आज शिकवलं मी कमी आणि शिकलो जास्त. विषय चोरी. माझं कार्ड असं होतं: वस्तू 'स्टील' करतात, माणसाला किंवा बँकेला 'रॉब' करतात. 'ही स्टोल माय फोन', 'ही रॉब्ड मी'. 'देय स्टोल द बँक' म्हटलं तर अख्खी बँक उचलून नेली असं होतं. इथपर्यंत ठीक.

मग मी 'थेफ्ट, रॉबरी, बर्गलरी' साधारण एकच, असं काहीतरी बोललो आणि पोलीस भरतीवाला एक मुलगा, जो एरवी इंग्रजीच्या तासाला शेवटच्या खुर्चीत झोपतो, तो सरळ उभा राहिला. सर एकच कसं? चोरी वेगळी, जबरी चोरी वेगळी, घरफोडी वेगळी, दरोडा वेगळा. आणि बोटावर मोजून दाखवलं. नकळत नेलं तर चोरी. मारहाण करून किंवा धाक दाखवून नेलं तर जबरी चोरी. पाच किंवा जास्त जण मिळून असतील तर दरोडा. चार असतील तर नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात चोरी ३०३, जबरी चोरी ३०९, दरोडा ३१०, आणि ३०४ नवीन, गळ्यातली चेन खसकन ओढून पळतात त्याच्यासाठी.

आता बसवून बघा. 'थेफ्ट', 'रॉबरी', 'हाउसब्रेकिंग', 'डकॉइटी', 'स्नॅचिंग'. एकास एक. इंग्लंडच्या १९६८ च्या थेफ्ट अॅक्टमध्येही 'रॉबरी'ला जबरदस्ती किंवा तिचा धाक लागतो आणि घरात घुसून केलं की 'बर्गलरी'. 'डकॉइटी' मात्र तिकडच्या कायद्यात नाही, तो शब्द इंग्रजीने डकैतीवरून इथूनच उचललाय. तिथे मी विचारलं, मग हा शब्द इंग्रजांनी चोरला की जबरी चोरला? मागून आवाज आला, पाचपेक्षा जास्त होते सर, दरोडाच.

पोराला कार्ड स्वतः लिहायला दिलं. त्याच्या अक्षरातच छापणार आहे.

६ जुलै २०२५

आषाढी. अभ्यासिका बंद. घरी बसून प्रवासाचं कार्ड केलं. 'ट्रॅव्हल' ही क्रिया, तिचा आकडा होत नाही, 'वन ट्रॅव्हल' नाही. जाऊन परत आलो ती 'ट्रिप', नाशिक-पुणे तीन दिवस, कामाने. रस्ता स्वतः मोठा असेल, लांबचा, त्रासाचा, ती 'जर्नी'. चार ठिकाणं बघत फिरलो ती 'टूर', समुद्रावरून गेलो तर 'व्हॉयेज'. वारीला 'पिल्ग्रिमेज' लिहावं लागलं, पर्याय नाही, पण मन भरत नाही. वारी म्हणजे पुन्हा पुन्हा जाणं, तो भाग इंग्रजी शब्दात येत नाही. कार्डावर घेतला नाही, साबुदाण्याची खिचडी झाली होती.

१३ जुलै २०२५

पहिली ३० छापून आली आणि डोक्याला हात लावला. फाइल युनिकोडमध्ये दिली होती, छपाईवाल्याने ती त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना सगळ्या रफारांचं वाटोळं केलं, विद्यार्थी, अर्थ, खर्च, सगळीकडे रफार घसरून शेजारच्या अक्षरावर. 'सर्व'चं काय झालं होतं ते लिहीत नाही. तो म्हणतो पीडीएफ द्यायची होती. बरोबर, द्यायची होती. पण त्याने वाचायला पण हरकत नव्हती.

त्यात माझी स्वतःचीही एक चूक सापडली आणि ती फॉन्टवर ढकलता येत नाही. भाड्याच्या कार्डावर मी ठोकून दिलं होतं, घर 'रेंट', गाडी 'हायर'. खाली किराणा दुकानदाराचा भाचा अमेरिकेत असतो, तो सुट्टीवर आलाय, त्याने वर येऊन कार्ड वाचलं आणि म्हणाला आमच्याकडे गाडी पण 'रेंट'च करतात, 'हायर' फक्त माणसाला, नोकरीवर. मी कॉर्पस बघितला होता पण फक्त ब्रिटिश बघितला होता, आळस. आता कार्ड असं: घर दोन्हीकडे 'रेंट', गाडी थोड्या दिवसांसाठी, ब्रिटनमध्ये 'हायर', अमेरिकेत 'रेंट', बस-रिक्षा-ट्रेनचं भाडं 'फेअर'. आणि दोन्ही कॉर्पस बघितल्याशिवाय कार्ड पक्कं करायचं नाही.

छपाई परत. ताईने पैसे दिले पण तोंड वाकडं करून. त्याच दुकानावर पाटी आहे, आज रोख उद्या उधार, ती बघून अजून एक कार्ड सुचलं: वाटीभर साखर उसनी आणली ते 'बॉरो', दुकानात वहीवर लिहिलं ते 'ऑन क्रेडिट', व्याजाने घेतलं ते 'लोन'. उसनं देणारा 'लेंड' करतो, घेणारा 'बॉरो', इथे मराठीत शब्द एक आणि देणं-घेणं वेगळं, तिथे शब्दच दोन.

२० जुलै २०२५

एका प्रकारच्या जोड्या संगतीने सुटत नाहीत, त्यांना वेगळी भिंत हवी. 'बिगिन' आणि 'कमेन्स', 'बाय' आणि 'परचेस', 'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट'. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडवर राज्य करायला आले, खाली लोकांचे साधे शब्द राहिले, वर दरबारात, कोर्टात फ्रेंच बसली आणि पुस्तकांतून लॅटिन येतच राहिली. म्हणून एकेका गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन मजले. 'आस्क' तळमजला, 'क्वेश्चन' पहिला, 'इंटरॉगेट' पोलीस स्टेशन.

हे आपल्या पोरांना समजायला एक मिनिट लागत नाही कारण मराठीचं घर पण तसंच बांधलेलं आहे. पाणी पितो, पण खातं जलसंपदा. एक ग्लास जल दे, असं घरी म्हणून बघा. लग्नाला या, हे फोनवर, पत्रिकेत उपस्थिती प्रार्थनीय. विचारणं, प्रश्न करणं, चौकशी करणं. 'कमेन्स' म्हणजे पत्रिकेतला शब्द, एवढं सांगितलं की संपलं. फक्त अडचण अशी की आपल्याकडे वरच्या मजल्यावरचा शब्द वापरला की इंग्रजी चांगलं असं मानतात, म्हणून अर्जात 'आय कमेन्स्ड माय बीए' असं येतं. या सगळ्यांना एकच मोठं कार्ड केलं, वर चित्र तीन मजली चाळीचं. चित्र मी काढलंय, ते पाण्याच्या टाकीसारखं दिसतं.

आज दुखण्याचं कार्ड पण झालं. नर्सिंगवाली एक मुलगी आहे, तिला परदेशी जायचंय, तिने विचारलं की 'हेडेक'मधलं 'एक' आणि दुखण्याचं 'पेन' कधी कुठे. शोधलं तर 'एक' थोड्याच अवयवांना चिकटतं: डोकं, दात, पोट, कान, पाठ. छातीत मात्र 'चेस्ट पेन', गुडघ्याला 'नी पेन'. तिने लगेच विचारलं, का? का नाही, असंच. छातीचं तिने लाल पेनने लिहिलं. आणि इजेला 'इंजुरी', अपघात, खेळ. 'वूंड' म्हणजे कापलेली, भोसकलेली, मलमपट्टी लागणारी जखम. शिवाय तिच्यासाठी खास, ब्रिटनमध्ये पेशंट 'आय फील सिक' म्हणाला तर त्याला बहुधा मळमळतंय, तिथे ताप बघत बसू नकोस, आधी ट्रे आण.

२७ जुलै २०२५

दुसरी टेस्ट. व्याख्या विचारलीच नाही, फक्त रिकाम्या जागा. १९ जण होते. वडाची सावली १६ जणांनी बरोबर केली. 'हेवी रेन' सगळ्यांचं. 'टोल्ड मी' दोघं चुकले, दारावर कार्ड असून. 'हाय' आणि 'टॉल' अजून निम्मे चुकतात. डोंगर, भिंत, फळी 'हाय', माणूस, झाड 'टॉल', आणि इमारत दोन्ही, ती इमारत सगळं बिघडवते. ते कार्ड नव्याने करावं लागेल.

एका मुलाने सरळ विचारलं, सर परीक्षेत तर सिनॉनिम विचारतात, 'बिग'ला 'लार्ज'वर टिक करायची असते, हे सगळं कशाला? खोटं कशाला बोलू, म्हटलं त्या प्रश्नाला तू गाईडप्रमाणेच टिक कर. पण त्याच बँकेच्या पेपरात क्लोज टेस्ट असते, उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा, आणि चूक शोधा असतं, तिथे चारही पर्याय अर्थाने जवळपासचे ठेवतात आणि एकच बसतो. तो गेला आणि जुना पेपर घेऊन आला. पाच गाळलेल्या जागांपैकी तीन आम्ही नुसत्या शेजारच्या शब्दावरून सोडवल्या, उताऱ्याचा विषय महागाईचा होता आणि तो आम्हाला दोघांनाही नीट कळला नव्हता.

३ ऑगस्ट २०२५

४७ कार्डं दोरीवर. तीन राहिली: 'हाय-टॉल' दुरुस्ती, 'फी-चार्ज-टोल', आणि शंका. शंकेचं अडकलंय. आपल्याकडे तासाला हात वर करून 'आय हॅव अ डाऊट' म्हणतात आणि इथे सगळ्यांना कळतं की प्रश्न विचारायचाय. इंग्लंडात तेच म्हटलं तर तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही असं ऐकू येईल. मग चूक लिहू का? इथल्या इथे ते चालतं, इतकी माणसं वापरतात. ताई म्हणते चूक लिही. नर्सिंगवाली म्हणते, कुठे जायचंय त्यावर लिहा. बहुतेक तिचं ऐकीन.

लार्ज ब्रदरवाल्याने आज स्वतःचं कार्ड आणलं, वहीच्या पानावर, चिमट्याने लावूनही टाकलं. वर लिहिलंय मोठा. मोठा भाऊ, 'बिग' नाहीतर 'एल्डर'. मोठी संख्या, 'लार्ज'. मोठा आवाज, 'लाउड'. मोठा रस्ता, 'वाइड'. मोठा माणूस, इथे तीन ओळी खोडल्यात. शेवटी लिहिलंय: वयाने असेल तर 'ग्रोन-अप', नावाने असेल तर 'ग्रेट', अंगाने असेल तर सरांना विचारणे.

पुढच्या खेपेला जाड कार्डशीट, कूलरच्या बाजूची सगळी वाकलीत. पीडीएफच द्यायची.